एक कशाला धरायचं?

आमच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मध्यंतरी एक वाद निघाला आणि तो परिषदेबरोबर संपला नाही. चहा झाला, हजेरीवर सह्या झाल्या, लोक गाड्यांना किक मारून उभे राहिले तरी चालूच होता. पुढे पंधरा दिवस शिक्षकांच्या ग्रुपवरही तोच. विषय साधा होता. सहावी-सातवीला एकमान पद्धत, म्हणजे आधी एकाची किंमत आणि मग अनेकांची, शिकवत बसायचं, की सरळ तिरकस गुणाकार दाखवून मोकळं व्हायचं? तरुण शिक्षकांचं म्हणणं असं : चार वह्या ८० रुपयांना, तर सात वह्या केवढ्याला? वर ४ आणि ८०, खाली ७ आणि क्ष, तिरकं गुणा, भागा, उत्तर आलं. वीस सेकंदांचं काम, त्याला तीन ओळी कशाला? जुन्या मंडळींचं म्हणणं असं : पाया कच्चा राहतो. आम्हाला गुरुजींनी 'एका वहीची किंमत' ही ओळ लिहायलाच लावली, ती चुकवली तर हातावर छडी बसायची, म्हणून आमचं गणित पक्कं झालं. एक बाजू घड्याळ दाखवत होती आणि दुसरी आपलं बालपण. मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय चालतं, यावर मात्र पंधरा दिवसांत कोणी एक शब्द बोललं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू उत्तर कसं काढायचं यावर भांडत होत्या, आणि प्रमाणाचं खरं गणित उत्तर काढण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. ते एका प्रश्नात असतं : 'एक' कशाला धरायचं? एक वही, एक रुपया, एक एकर, एक पोतं, एक माणूस, की एक फेरी? हा प्रश्न मुलाला पडला आणि त्यानं तो स्वतः सोडवला, तर पुढे त्यानं तिरकस गुणाकार करावा नाहीतर तीन ओळी लिहाव्यात, माझी हरकत नाही. प्रश्नच पडला नाही, तर दोन्ही पद्धती सारख्याच पोकळ आहेत. सहावी-सातवीतला वेळ या एका प्रश्नावर खर्च झाला पाहिजे आणि तो आज होत नाही.

ऊन तापायला लागलं की सातवीच्या वर्गात मी दर वर्षी एक गणित घालतो. दोन तांबे पाण्यात तीन लिंबं पिळली, शरबत झकास झालं. पाहुणे वाढले, पाणी चार तांबे घेतलं, तर लिंबं किती? निम्मा वर्ग 'पाच' म्हणून ओरडतो. दोन तांबे वाढले म्हणून दोन लिंबं वाढली. एका वर्षी मी खरंच दोन पातेली, साखर आणि लिंबं घेऊन गेलो आणि पोरांच्या हिशेबानं दोन्ही शरबतं करून त्यांनाच चाखायला दिली. दुसरं चाखताच एक पोरगा म्हणाला, "सर, हे पाणचट लागायलंय." मी म्हणालो, "असं कसं? आधी तीनच लिंबं होती, आता तर पाच आहेत." तो गप्प झाला. त्याची जीभ खरं सांगत होती आणि वही खोटं, आणि दोघांचा मेळ त्याला बसवता येईना. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी बोटं मोजत म्हणाली, "पहिल्यात दोन तांब्यांना तीन, म्हणजे एका तांब्याला दीड लिंबू. ह्याच्यात चार तांब्यांना पाच, म्हणजे एका तांब्याला सव्वाच." दीड आणि सव्वा. पाणचटपणाला तिनं आकडा दिला, कारण तिनं तांब्याला 'एक' धरलं. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

त्या पोराचं 'पाच' हे उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. पहिलीपासून पाचवीपर्यंत आपण त्याला बेरजेचंच जग दाखवतो. गुणाकारसुद्धा 'पुन्हा पुन्हा केलेली बेरीज' म्हणूनच शिकवतो. मग सहावीत एकदम अशा जगात आणून सोडतो, जिथं फरक सारखा ठेवला तर चव बिघडते आणि चव सारखी ठेवायची तर पट सारखी ठेवावी लागते. गणिताच्या शालेय वाटेवरची ही सगळ्यात उभी चढण. टक्केवारी, वेग, घनता, नकाशाचं प्रमाण, व्याज, पुढे आठवीतलं चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते), सगळं या चढणीच्या पलीकडे आहे. इथं जो थांबला तो पुढं सूत्रांच्या काठ्या टेकत चालतो आणि दहावीला गणितात राहतो. २०२३ च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयोगटातल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता आलं. त्या बातमीवर सगळे भागाकाराबद्दल हळहळले. मला वाटतं, भागाकार कशासाठी करायचा हेच ज्याला कधी उमगलं नाही, त्याच्या हातात भागाकार टिकेल तरी कसा?

आता तरुण शिक्षकांची बाजू. ती हलकी नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. आठवीची एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा पास होऊन यादीत नाव आलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. ज्या घरात पोरीची शाळा दहावीनंतर चालू ठेवायची की नाही, हे एका हंगामाच्या सोयाबीनवर ठरतं, त्या घरात ही रक्कम काय आहे हे मला कोणी समजावून सांगू नये. त्यामुळे 'परीक्षेसाठी शिकवू नका' असं म्हणणं मला पटत नाही. पण युक्ती खरोखर वेळ वाचवते का? १५ पेनं ९० रुपयांना, तर ४५ पेनं? तिरकस गुणाकारवाला पोरगा ४५ गुणिले ९० करतो, ४,०५० काढतो, त्याला पंधरानं भागतो. ज्याला बघायची सवय आहे तो १५ च्या गठ्ठ्यालाच 'एक' धरतो. तसे तीन गठ्ठे, २७०, झालं. आणि आठ मजूर सहा दिवसांत खुरपण उरकतात, तर बारा मजुरांना किती दिवस? इथं तिरकस गुणाकार निमूटपणे नऊ देतो. मजूर वाढले आणि दिवसही वाढले! पर्यायांमध्ये नऊ हा आकडा पेपर काढणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्याला पोरं कुठं घसरतात ते ठाऊक असतं. ७२ सेकंदांतले पहिले दहा 'एक कशाला धरू' यावर घालवणारा पोरगा हरत नाही. वर्षानुवर्षं पोरं परीक्षेला बसवून मी हे पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो माझ्या बाजूच्या लोकांना जास्त अडचणीचा आहे. आपली त्रैराशिकाची, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढण्याची, परंपरा तर उघडउघड नियमाचीच आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये एका आर्येत सांगून टाकलं : फलाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा. (वह्यांच्या गणितात ४ वह्या हे प्रमाण, ८० रुपये हे फल, ७ वह्या ही इच्छा.) त्यात 'एकाची किंमत' कुठं आहे? मग दीड हजार वर्षं जो नियम चालला तो मुलांना सरळ द्यायला काय हरकत? हरकत काहीच नाही, पूर्ण दिला तर. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत त्रैराशिक सांगताना गुणाकाराच्या आधी मांडणी सांगितली आहे : प्रमाण आणि इच्छा या एका जातीच्या राशी, त्या पहिल्या आणि शेवटच्या जागी ठेवा; फल वेगळ्या जातीचं, ते मध्ये. म्हणजे आकड्याला हात लावण्याआधी विद्यार्थ्यानं कोण कोणाच्या जातीचं ते ओळखलं पाहिजे. आणि इच्छा वाढल्यावर फल घटत असेल तर ते व्यस्त त्रैराशिक, तिथं उलटं करा, हेही तिथंच सांगितलं आहे. नियमाच्या दारात विचाराचा पहारा बसवलेला होता. आपण पहारेकरी काढून टाकला आणि नुसतं दार ठेवलं. त्याच भास्कराचार्यांचा नातू चंगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं उभारलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आजही आहे. देवगिरीचा किल्ला बघायला आपण पोरांची सहल दर वर्षी नेतो. तोफ दाखवतो, अंधारी दाखवतो. या राजधानीच्या आश्रयानं त्रैराशिक शिकवलं जात होतं, हे पोरांना कोण सांगतो?

जुन्या मंडळींनाही मला काही सुनवायचं आहे, कारण एकमान पद्धतीचं कर्मकांड त्यांनीच केलं. 'एकाची किंमत काढताना भागाकार, अनेकांची काढताना गुणाकार' हे वाक्य पोरांकडून घोकून घेतलं. मग ७ किलोचे १०० रुपये असले तरी पोरगं एका किलोचे १४.२८ काढून बसतं आणि २१ किलोचे ३०० हे डोळ्यांसमोर असून त्याला दिसत नाहीत. 'एक' म्हणजे १ हा आकडाच असला पाहिजे, हे कोणी ठरवलं? आपल्या आजोबा-पणजोबांनी तरी ठरवलं नव्हतं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथं हाली शिक्का चालायचा आणि सीमेपलीकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा ठरलेला दर. हा आकडा तोंडात धरून कोण हिशेब करणार? पण तो नीट पाहिला तर सात हालीला सहा कलदार एवढाच आहे. धाराशिवकडचा शेतकरी बार्शीच्या पेठेत माल घालायचा तेव्हा एका हालीचे किती कलदार हे काढत बसायची त्याला गरज नव्हती. तो अपूर्णांक कोणाच्याच कामाचा नाही. सातास सहा हीच एक जोडी धरायची. पस्तीस हाली म्हणजे अशा पाच जोड्या, म्हणजे तीस कलदार. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ असलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. इथं 'एक' म्हणजे सात-सहाची जोडी. एकमान पद्धतीचा आत्मा हाच आहे, आणि तो तीन ओळींच्या साच्यात कोंडून मारण्यात आम्हा शिक्षकांचाच हात आहे.

वादात तिसराही एक सूर होता, फार गोड. 'पोरांना बाजार येतोच. आठवडी बाजारात भाजी विकणारं पोरगं कोणत्याही मास्तरापेक्षा लवकर हिशेब करतं. त्याला शाळेत एकमान शिकवायची काय गरज?' यातला पहिला भाग खराच आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, एक नारळ ३५ चा. दहानं गुणायचं तर नुसतं शून्य द्यायचं होतं. त्यानं तसं केलं नाही : तीन नारळांचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, आणखी तीनांचे ३१५, वरचा एक, ३५०. त्याचा 'एक' होता तीन नारळांचा, कारण गिऱ्हाईक बहुधा तीन नारळ नेत असावं. हीच मुलं तसलीच गणितं कागदावर दिली की गडबडायची. आपल्याकडचंही चित्र वेगळं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारातली मुलं अवघड व्यवहार तोंडी करतात आणि शाळेतल्या पद्धतीच्या साध्या गणितात अडतात; नुसती शाळेत जाणारी मुलं शाळेचं गणित बरं सोडवतात, पण बाजारातल्या हिशेबात अडकतात. म्हणजे 'बाजार येतो' म्हणून शाळेनं अंग काढून घ्यावं, असं यातून निघत नाही. बाजारातला 'एक' पोराला आयता मिळालेला असतो, पिढ्यांनी ठरवून दिलेला. नवीन ठिकाणी 'एक' स्वतः ठरवायची वेळ आली की तो आयता उपयोगी पडत नाही. मग त्याला दुसरा शोधायला कोण शिकवणार?

आणि 'एक' आयता मिळाला की तो दुसरं कोणीतरी बदलूही शकतं. युरियाचं घ्या. वर्षानुवर्षं पोतं ५० किलोचं होतं. शेतकरी किलोत बोलत नव्हता, 'एकरी एक पोतं' म्हणत होता. २०१८ पासून पोतं ४५ किलोचं झालं. किंमत कर आणि लिंबोळी लेपाचा खर्च सोडून २६८ वरून २४२ वर आली, म्हणजे किलोमागचा दर पाच रुपये ३६-३७ पैशांच्या आसपास होता तिथंच राहिला. फसवणूक यात नव्हती. शेतकरी पोत्यानं मोजतो, तर पोतंच लहान केल्यानं खपही कमी होईल, असा तो सरळ हिशेब होता आणि सरकारनं तो लपवलाही नाही. पण युरियात ४६ टक्के नत्र. ५० किलोत २३ किलो, ४५ किलोत २०.७. एकरी एक पोतं टाकणाऱ्याच्या रानात नत्र २.३ किलोंनी कमी पडू लागलं आणि त्याच्या तोंडचं वाक्य तेच राहिलं. ते बरं झालं की वाईट, हा शेतीशास्त्राचा प्रश्न. मला एवढंच दिसतं की त्याच्या मोजण्याचा 'एक' त्याच्या हातात नव्हता.

बीड जिल्ह्यातल्या शाळेत या प्रश्नाचं सगळ्यात उघडं रूप ऊसतोडीच्या कोयत्यात दिसतं. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याकडे जातात आणि आमची अर्धी पोरं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. या पोरांना उचल, मुकादम, टन, वाढे सगळं माहीत असतं. एकदा सातवीत मी विचारलं, "टनाला समजा ३६० रुपये, कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडला, तर मजुरी?" सगळ्यांनी ७२० सांगितले. मग विचारलं, "एका माणसाची?" वर्ग थबकला. एक पोरगा म्हणाला, "सर, कोयता एकच असतो की." एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण त्या 'एका'च्या आत दोन माणसं राबतात, हे हिशेबात कधी आलेलं नव्हतं. माणसाला 'एक' धरलं आणि ३६० आले. तेव्हा एक मुलगी, जिचे आईबाप त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात फडावर होते, हळूच म्हणाली, "मग मायचे ३६० कुणाच्या हातात देतात?" वर्ग शांत. मीही त्या दिवशी तिला उत्तर दिलं नाही. भागिले दोन एवढंच गणित होतं ते.

प्रमाण कुठं लागत नाही हेही याच प्रश्नानं कळतं. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आहे. सात किलोमीटर गेलात तरी दोन टप्प्यांचे पैसे. विजेचं बिल पहिल्या शंभर युनिटांना एका दरानं, पुढच्यांना दुसऱ्या. इथं 'एका किलोमीटरला किती', 'एका युनिटला किती' असा एकच दर नाहीच, आणि तिरकस गुणाकार हे कधीच सांगत नाही. एक मूल घरून शाळेत वीस मिनिटांत येतं, तर पाच मुलं मिळून किती वेळात येतील, असं विचारलं की पाच-सहा हात 'शंभर मिनिटं' म्हणून वर होतात. हे हात मला फार अस्वस्थ करतात. ती मुलं रोज पाच-पाच जणांच्या घोळक्यानंच शाळेत येतात.

मोठ्या माणसांच्या चर्चेचीही हीच गत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर आकडा गाजला, हारतुरे झाले. पाच लाख लिटर ऐकून तळं भरल्यासारखं वाटतं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर होती. माणसाला 'एक' धरा : माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर, म्हणजे तांब्याभर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली, तेही माणशी साडेसहा लिटर. त्या तांब्याभर पाण्याची किंमत लातूरकरांना माहीत आहे आणि ती गाडी आणणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण सहा लिटरांत शहर जगत नाही, हे त्याच दिवशी दिसलं असतं तर बोअरवेल, टँकर आणि मांजरा धरणाबद्दल आपण वेगळं बोललो असतो. याच्या उलट चित्र २०२५ च्या सप्टेंबरात दिसलं. अतिवृष्टीनं मराठवाड्यातली रानं खरवडून गेली. आपत्ती निधीच्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, माणूस एकर-गुंठ्यात. हेक्टर म्हणजे शंभराला सव्वाएक कमी इतके गुंठे. बांधावर उभ्या माणसांनी भागाकार केला आणि गावोगाव एकच वाक्य ऐकू आलं : गुंठ्याला ८५ रुपये. साडेआठ हजार हा आकडा सभेत उभा राहू शकत होता, ८५ राहू शकला नाही. पुढे मदतीत भर पडली. ती या वाक्यामुळेच पडली असं मी म्हणणार नाही, पण मागणी मांडणाऱ्यांच्या हातात तो आकडा होता आणि तो सातवीच्या गणितातून आला होता.

म्हणून माझं मागणं पद्धतीचं नाही, वेळेचं आहे. सहावीतला गुणोत्तर-प्रमाणाचा आणि सातवीतला सम व व्यस्त प्रमाणाचा पाठ आठ दिवसांत उरकू नये. पहिले काही तास उत्तर मागूच नये. 'एक कशाला धरशील आणि का' एवढंच विचारावं आणि दोन मुलांनी दोन वेगळे 'एक' धरले तर दोन्ही फळ्यावर ठेवावेत. चाचणीत एखादा प्रश्न असा असावा, ज्यात एकक निवडण्याचे गुण असतील. तिरकस गुणाकार त्यानंतर जरूर द्यावा, परीक्षेला तो लागतो. वेळ कुठून आणायचा, असं मला परिषदेत विचारलं गेलं. आठवीच्या चलनाच्या पाठात, नववीच्या विज्ञानात आणि दहावीच्या अर्थनियोजनात हीच गोष्ट आपण पुन्हा पुन्हा पहिल्यापासून शिकवतो, ते तास मोजून पाहावेत.

गेल्या पावसाळ्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एक पीक सल्ला मी वर्गात वाचून दाखवला. त्यात सोयाबीनवरच्या फवारणीची मात्रा दिली होती आणि खाली, अशा सल्ल्यांत नेहमी असतं तसं, लिहिलं होतं की हे प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पॉवर स्प्रेसाठी मात्रा तीनपट करावी. मी विचारलं, तीनपट का? मशीन मोठं म्हणून, असं कोणी म्हणालं. पाणी जास्त लागतं म्हणून, असंही कोणी म्हणालं. तास संपला, मी उत्तर सांगितलं नाही. दोन दिवसांनी एक पोरगा वही घेऊन आला. वडिलांबरोबर रानात जाऊन त्यानं टाक्या मोजल्या होत्या, दोन्ही पंपांची टाकी पंधरा लिटरची. एका एकराला साध्या पंपाच्या तेरा टाक्या लागल्या, पॉवर पंपाच्या साडेचार. वहीत त्यानं दोन रकाने आखले होते. पहिल्याच्या माथ्यावर लिहिलं होतं 'एका लिटरला' आणि त्यात पॉवर पंपाचं औषध तीनपट दिसत होतं. दुसऱ्याच्या माथ्यावर होतं 'एका एकराला'. त्या रकान्यात दोन्ही पंपांपुढे साठ मिलीच्या आसपासचे आकडे होते, आणि त्या दोन आकड्यांभोवती त्यानं पेन्सिलीनं एकच गोल काढला होता.